हवामान धोरणासाठी सरकारी यंत्रणा कशी उभी करावी: पायरीपायरीने

एखादं सरकार जाहीर करतं की अमुक सालापर्यंत आम्ही नेट झीरो गाठू, म्हणजे जेवढे हरितगृह वायू सोडू तेवढेच शोषले जातील. टाळ्या वाजतात, बातम्या छापून येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घोषणा कोणाच्या टेबलावर जाते? पर्यावरण खात्याकडे गेली, तर वीज ऊर्जा खात्याच्या हातात आहे, ट्रक वाहतूक खात्याच्या, खतं आणि गुरं कृषी खात्याच्या, आणि पैसा अर्थखात्याच्या. हा प्रश्न कुठलंच खातं एकट्याने सोडवू शकत नाही, आणि सरकार तर खात्याखात्यांनीच चालतं. घोषणा विरून जाते ती याच फटीत.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. ज्यांच्यावर असा कक्ष किंवा आयोग उभा करायची जबाबदारी आली आहे ते, या विषयाचा अभ्यास करणारे, आणि आपल्या सरकारला नेमका प्रश्न विचारू पाहणारे नागरिक. वेगवेगळ्या देशांचे हवामान कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचले, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. काम जिथे पुढे सरकलं तिथे कोण मोजणार, कोण तपासणार आणि कोणत्या तारखेच्या आत कोण उत्तर देणार, हे लिहून ठेवलेलं होतं. यातली उत्तराची तारीख सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. म्हणून पुढे मी तिच्याकडे पुन्हा पुन्हा परत येणार आहे.

पहिली पायरी: मोजणारं कार्यालय

बहुतेक सरकारं लक्ष्यापासून सुरुवात करतात. माझा सल्ला आहे की मोजणीपासून करा.

हिशेब दिसायला सोपा आहे. किती इंधन जळलं, गुणिले एका एककामागे किती वायू बाहेर पडतो. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे पंपावरून एक लाख लिटर डिझेल विकलं गेलं तर २७० टन. पण ते डिझेल ट्रकमध्ये गेलं, ट्रॅक्टरमध्ये गेलं की जनरेटरमध्ये? पंपाच्या पावतीवर ते लिहिलेलं नसतं. सगळं वाहतुकीच्या नावावर टाकलं तर वाहतूक खातं म्हणणार, शेतीचं डिझेल आमच्या माथी मारलं. शेतीकडे थोडं वळवलं तर कृषी खातं पुरावा मागणार. आणि हा वाद किरकोळ नाही. उद्या खातेनिहाय लक्ष्य ठरलं की याच आकड्यावर मंत्र्याला सभागृहात उभं राहावं लागतं.

लक्झेंबर्गचं उदाहरण बघा. तिथे इंधन वर्षानुवर्षं शेजारच्या देशांपेक्षा स्वस्त राहिलं, त्यामुळे सीमेपलीकडच्या गाड्या तिथे येऊन टाकी भरून जातात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार हिशेब विकल्या गेलेल्या इंधनावर होतो, म्हणून धूर शेजारच्या रस्त्यावर निघतो आणि उत्सर्जन लक्झेंबर्गच्या खात्यात जमा होतं. असा खुलासा करायला आकड्याची नस ओळखणारी माणसं कार्यालयात कायम असावी लागतात.

या पायरीवर प्रत्यक्ष करायची कामं अशी. एकाच संस्थेला कायद्याने ‘राष्ट्रीय उत्सर्जन नोंदणीची जबाबदार संस्था’ म्हणून नेमा. इंधन कंपन्या, वीज कंपन्या, सिमेंट कारखाने, पशुगणना करणारं खातं, वनखातं यांच्याकडून माहिती मागवण्याचा अधिकार तिला द्या, आणि माहिती देण्याची वार्षिक तारीख त्याच कलमात लिहा. विनंतीपत्रांवर चालणारी मोजणी दोन वर्षांत बंद पडते. पद्धत आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रीय मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांची ठेवा, म्हणजे इतर देशांशी तुलना होईल. आणि पदं कायमस्वरूपी भरा. पॅरिस करारानुसार दर दोन वर्षांनी पारदर्शकता अहवाल द्यावा लागतो आणि पहिल्या अहवालाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. असे अहवाल दर वेळी नवा सल्लागार नेमून लिहून घेतले, तर सल्लागार जाताना त्याची आकडेमोडही घेऊन जातो आणि पुढच्या वेळी पुन्हा श्रीगणेशा.

मोजणीआधी वाटप केलं तर काय होतं, ते युरोपने अनुभवलं आहे. युरोपीय संघाचा उत्सर्जन परवान्यांचा (ठरावीक टन वायू सोडण्याची मुभा देणाऱ्या, विकता येणाऱ्या परवान्यांचा) बाजार २००५ मध्ये सुरू झाला, तेव्हा प्रत्येक कारखान्याचं खरं उत्सर्जन किती याची पडताळलेली नोंद नव्हती. अंदाजावर परवाने वाटले गेले. २००६ च्या वसंतात पहिली पडताळणी जाहीर झाली आणि परवाने गरजेपेक्षा जास्त वाटल्याचं उघड झालं. ३० युरोच्या आसपास गेलेला भाव काही दिवसांत कोसळला आणि २००७ च्या अखेरीस जवळजवळ शून्यावर आला. बाजाराची कल्पना चुकीची नव्हती, खालचा पाया कच्चा होता.

दुसरी पायरी: घर कोणतं?

यावर लोक फार काथ्याकूट करतात. माझ्या मते गरजेपेक्षा जास्त. ब्रिटनने २००८ मध्ये ऊर्जा आणि हवामान बदल यांचं स्वतंत्र खातं काढलं, २०१६ मध्ये ते व्यापार-उद्योगाच्या खात्यात विलीन केलं, २०२३ मध्ये ऊर्जा सुरक्षा आणि नेट झीरो या नावाने पुन्हा वेगळं केलं. चीनने २०१८ मध्ये हा विषय राष्ट्रीय विकास आणि सुधारणा आयोगाकडून काढून पर्यावरण मंत्रालयाकडे दिला. पाट्या बदलत राहतात.

महत्त्वाचं आहे ते खात्यांच्या वर बसणारं छोटं, पण दमदार सचिवालय. ते पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या किंवा मंत्रिमंडळ सचिवालयाच्या छायेत असावं. काही देश थेट सर्वोच्च नेत्यालाच आयोगाचा अध्यक्ष करतात. फिलिपिन्सच्या २००९ च्या कायद्याने हवामान आयोगाचं अध्यक्षपद राष्ट्राध्यक्षांकडे दिलं. वजनासाठी हे चांगलं, पण अध्यक्ष जितका मोठा तितकी बैठकीची वेळ मिळणं अवघड. म्हणून रोजचं काम सचिवांच्या समितीकडे द्या आणि नियम करा: दोन खात्यांत एकमत झालं नाही, तर ३० दिवसांनी विषय आपोआप वर जाईल. ‘आपोआप’ हा शब्द आदेशात हवाच. नाहीतर फाइल ‘चर्चा करावी’ या शेऱ्यावर वर्षभर पडून राहते.

भारताने २००८ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला तेव्हा आठ मिशन्स आखून ती त्या त्या मंत्रालयांकडे सोपवली. सौरऊर्जा एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे. कामाला मालक मिळतो हा या रचनेचा मोठा फायदा. पण अशा रचनेत सगळ्यांची एकत्र बेरीज करणारा कक्ष मुद्दाम उभारावा लागतो. तो आपसूक तयार होत नाही.

तिसरी पायरी: कायदा

कार्यकारी आदेश एका सहीने निघतो आणि एका सहीने रद्द होतो. कायदा रद्द करायला सभागृहात सगळ्यांसमोर मत द्यावं लागतं. म्हणून कायदा.

सर्वाधिक अभ्यासला गेलेला नमुना म्हणजे ब्रिटनचा २००८ चा हवामान बदल कायदा. त्यात १९९० च्या तुलनेत २०५० पर्यंत ८० टक्के कपात होती, ती २०१९ मध्ये १०० टक्के झाली. पण त्याची खरी करामत आहे पाच-पाच वर्षांच्या कार्बन बजेटांत, म्हणजे त्या काळात एकूण किती टन सोडायचे याच्या मर्यादांत. २०५० साल कोणत्याही आजच्या मंत्र्याच्या कारकिर्दीत येत नाही. पाच वर्षांचं बजेट येतं. प्रत्येक बजेट सुमारे १२ वर्षं आधी ठरवावं लागतं, म्हणजे वीज केंद्र किंवा रेल्वेमार्गाचा निर्णय घेणाऱ्याला पुढचा रस्ता दिसतो. २०३३ ते २०३७ या काळासाठीचं सहावं बजेट, ९६.५ कोटी टन, २०२१ मध्येच कायद्यात आलं.

मसुदा लिहिताना क्रियापदांकडे बारीक लक्ष द्या. ‘मंत्री अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवील’ आणि ‘मंत्री अहवाल ठेवू शकेल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘यथोचित प्रयत्न करील’, ‘शक्य तितक्या लवकर’, ‘वेळोवेळी’ असे शब्द दिसले, की तिथे तारीख घाला. कायद्यात कमीत कमी एवढं असावं: दीर्घकालीन लक्ष्य, मधले टप्पे, मोजणीची पद्धत, आराखडा सादर करायची मुदत, स्वतंत्र परिषद, आणि टप्पा चुकला तर पुढे काय करायचं.

लक्ष्य सगळ्या वायूंना एकच असावं असंही नाही. न्यूझीलंडमध्ये एकूण उत्सर्जनाचा जवळपास निम्मा भाग शेती आणि पशुपालनातून येतो, म्हणून २०१९ च्या कायद्यात गुरांच्या मिथेनला वेगळं लक्ष्य दिलं. त्यावर टीकाही झाली, पण देशाच्या खऱ्या रचनेवर कायदा बेतावा हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

पक्का कायदा असला की न्यायालयालाही आधार मिळतो. जर्मनीच्या घटना न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं, की २०३० नंतरचा मार्ग कायद्यात पुरेसा स्पष्ट नाही आणि त्यामुळे कपातीचं ओझं पुढच्या पिढीच्या स्वातंत्र्यावर पडतं. काही महिन्यांत संसदेने कायदा सुधारला: २०३० साठी ६५ टक्के कपात, आणि कार्बन तटस्थतेचं साल २०४५. ब्रिटनमध्ये जुलै २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारचा नेट झीरो आराखडाच कायद्याच्या कसोटीवर अपुरा ठरवला. कारण वाचून मी थबकलो होतो. ज्यांचे आकडे मांडता येत होते त्या उपायांची बेरीज गरजेच्या ९५ टक्क्यांपर्यंतच पोहोचत होती, आणि संसदेपुढे ठेवलेल्या दस्तऐवजात हे सांगितलंच नव्हतं. पाच टक्क्यांची गोष्ट, पण लपली होती. तुमच्या आराखड्यात प्रत्येक उपायासमोर आकडा आणि शेवटी बेरीज असू द्या. बेरीज कमी पडत असेल तर तेही लिहा.

चौथी पायरी: स्वतंत्र परिषद

इथे सरकारं सगळ्यात जास्त चुकतात. समिती नेमली जाते, नामवंत प्राध्यापक घेतले जातात, अहवाल येतो, मंत्री स्वीकारताना फोटो निघतो, आणि मग काहीच होत नाही. परिषदेत कोण आहे यापेक्षा तिच्या अहवालानंतर काय घडायचं हे लिहिलेलं आहे की नाही, ते तपासा.

ब्रिटनची हवामान समिती दरवर्षी ३० जूनच्या आत प्रगती अहवाल संसदेला देते. सरकारला १५ ऑक्टोबरच्या आत उत्तर द्यावंच लागतं. हा साडेतीन महिन्यांचा काळ म्हणजे त्या यंत्रणेचा कणा आहे. तारीख आधीच माहीत असल्याने पत्रकार, विरोधी पक्ष, उद्योग सगळे तयारीत असतात. समिती सरकारला हुकूम देऊ शकत नाही, पण सल्ला नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं.

स्वातंत्र्यासाठी चार गोष्टी पाहा. नेमणूक एकाच मंत्र्याच्या हातात नसावी आणि सदस्यांच्या मुदती निवडणुकीच्या चक्राशी जुळू नयेत. परिषदेला स्वतःचे विश्लेषक असावेत, खात्याकडून प्रतिनियुक्तीवर आलेला एखादा कारकून पुरत नाही. अनुदान तीन-चार वर्षांचं एकदम मंजूर व्हावं, नाहीतर कडक अहवालानंतर पुढच्या वर्षीची तरतूद घटते. आणि अहवाल छापायला परवानगी लागू नये.

आता जर्मनीचा एक प्रसंग जवळून बघू. २०१९ च्या कायद्यानुसार दर वर्षी १५ मार्चपर्यंत पर्यावरण संस्था क्षेत्रनिहाय आकडे जाहीर करायची, तज्ज्ञ परिषद ते तपासायची, आणि ज्या क्षेत्राने मर्यादा ओलांडली त्या खात्याने तीन महिन्यांत तातडीचा कार्यक्रम द्यायचा. २०२१ च्या आकड्यांत वाहतूक आणि इमारती ही दोन क्षेत्रं चुकली. वाहतूक खात्याने जुलै २०२२ मध्ये कार्यक्रम दिला. ऑगस्टमध्ये परिषदेने सांगितलं की हा कार्यक्रम मुळातच इतका अपुरा आहे, की त्याची सविस्तर छाननी करण्याचीही गरज नाही. परिषदेने आपलं काम चोख केलं होतं. पण पुढे काय? खात्याने ऐकलं नाही तर काय, हे कायद्यात पुरेसं बांधलेलं नव्हतं. २०२४ मध्ये दुरुस्ती करून क्षेत्रनिहाय वार्षिक सक्तीच सैल केली गेली आणि सगळ्या क्षेत्रांचा मिळून अनेक वर्षांचा हिशेब धरायचं ठरलं. सैल करण्याच्या बाजूनेही युक्तिवाद आहेत, कारण जिथे कपात स्वस्त पडते तिथे ती आधी होते. तरीही मला हे पाऊल मागे गेलेलं वाटतं. ‘सगळे मिळून जबाबदार’ म्हटलं, की सभागृहात उभं राहणारा एक मंत्री उरत नाही.

स्कॉटलंडची गोष्ट उलट बाजूची. २०३० पर्यंत ७५ टक्के कपातीचं लक्ष्य २०१९ मध्ये कायद्यात घातलं. वार्षिक लक्ष्यं एकामागून एक हुकत गेली. मार्च २०२४ मध्ये हवामान समितीने स्पष्ट सांगितलं की हे लक्ष्य आता विश्वासार्ह राहिलेलं नाही, आणि पुढच्याच महिन्यात सरकारने ते सोडत असल्याचं जाहीर केलं. लक्ष्य ठरवतानाच त्यामागे उपायांची यादी आणि पैसा असावा, हा या प्रकरणातला धडा आहे.

पाचवी पायरी: अर्थखात्याला आत घ्या

हवामान धोरण सांभाळणाऱ्या खात्याचं पत्र इतर खाती फाइलला लावून ठेवतात. अर्थखात्याचं पत्र आलं की त्याच दिवशी बैठक लागते. यंत्रणेत अर्थखातं पाहुणा म्हणून असेल तर सगळं कागदावर राहील.

सुरुवात लेखाशीर्षांपासून करा. अंदाजपत्रकातल्या प्रत्येक मोठ्या खर्चावर खूण करा: हा उत्सर्जन घटवतो, अनुकूलनाला (बदलत्या हवामानाला तोंड देण्याच्या तयारीला) मदत करतो, की दोन्हींशी संबंध नाही. नेपाळ आणि फिलिपिन्ससह अनेक देश अशी खूण करतात. पण तेवढ्यावर थांबलात तर फक्त चांगल्या कामांची यादी तयार होते. फ्रान्सने २०२१ च्या अंदाजपत्रकापासून हानिकारक खर्चावरही खूण करायला सुरुवात केली, उदाहरणार्थ जीवाश्म इंधनावरच्या करसवलती. ही दुसरी यादी कठीण आहे आणि तिथेच खरा पैसा असतो.

मग भांडवली प्रकल्पांच्या मंजुरीचा अर्ज बदला. नव्या रस्त्याच्या किंवा वीज केंद्राच्या प्रस्तावात एक रकाना वाढवा: पुढच्या ३० वर्षांत किती टन, आणि कार्बन बजेटात ते कुठे बसतात. रकाना रिकामा असेल तर अर्ज परत. एवढ्याशा बदलाने खात्यांत हिशेब करणारी माणसं नेमली जायला लागतात.

कार्बन कर किंवा परवाना बाजार आणायचा असेल तर त्यासाठी वेगळा नियामक लागतो, आणि त्याच्या नोंदवहीची सुरक्षा बँकेसारखी लागते. जानेवारी २०११ मध्ये युरोपातल्या राष्ट्रीय नोंदवह्यांतून परवाने चोरीला गेले आणि व्यवहार थांबवावे लागले. स्वीडनने १९९१ मध्येच कार्बन कर लावला आणि तो टप्प्याटप्प्याने वाढवला. कर वसूल करणारी यंत्रणा आधीपासून चालू होती, म्हणून नवी इमारत उभारावी लागली नाही. छोट्या प्रशासनाला मी आधी कराचाच विचार करायला सांगेन.

सहावी पायरी: अनुकूलनाला स्वतंत्र जागा

उत्सर्जन कपातीचं यश टनांत मोजता येतं. पूर, उष्णता, वादळ यांना तोंड देण्याच्या तयारीला असा एक आकडा नाही, म्हणून एकाच कार्यालयात दोन्ही ठेवले की अनुकूलन मागे पडतं. त्याला वेगळा प्रमुख आणि वेगळी तरतूद द्या, आणि त्याची मुळं आपत्ती व्यवस्थापन, आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये रुजवा.

१९७० च्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर लाखो माणसं मेली. त्यानंतर रेड क्रॉस चळवळ आणि सरकार यांनी मिळून चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम उभारला. आज त्यात ७० हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत: गावातलीच माणसं, हातात भोंगा आणि झेंडे, कोणाच्या घरात म्हातारं माणूस आहे हे ठाऊक असलेली. इशारा राजधानीत तयार होतो, पण माणूस घराबाहेर पडतो तो ओळखीच्या आवाजावर. पक्के निवारे, बंधारे आणि हे जाळं यांमुळे पुढच्या दशकांत वादळबळींची संख्या प्रचंड घटली. संस्था म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आधी हा भोंगा येतो.

सातवी पायरी: ज्यांची रोजीरोटी जाणार त्यांना खुर्ची

कोळसा खाण बंद करायचा निर्णय खाणीपासून दूर बसलेल्या लोकांनी घेतला तर तो टिकत नाही. दक्षिण आफ्रिकेने २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षीय हवामान आयोग नेमला तेव्हा त्यात मंत्र्यांबरोबर कामगार संघटना, उद्योग, नागरी संस्था आणि तरुण यांनाही जागा दिली. आयोगाने न्याय्य संक्रमणाची, म्हणजे कोळशापासून दूर जाताना कामगारांवर अन्याय होऊ नये यासाठीची, चौकट तयार केली आणि २०२४ च्या हवामान कायद्याने आयोगाला कायद्याचा आधार दिला. बैठका लांबतात, वाद होतात. होऊ द्यावेत. सदस्यांना प्रवासखर्च आणि मानधन द्या, कागदपत्रं त्यांच्या भाषेत आठवडाभर आधी पाठवा. नाहीतर खाणकामगाराची खुर्ची बैठकीत रिकामीच दिसेल.

आठवी पायरी: सरकार बदललं तरी टिकेल असं बांधा

ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये सत्ताबदल झाला आणि हवामान आयोग काही दिवसांत बरखास्त झाला. तो कार्यकारी निर्णयाने उभा होता. २०१४ मध्ये कार्बन किंमतीचा कायदाही संसदेत रद्द झाला. पण हवामान बदल प्राधिकरण आणि स्वच्छ ऊर्जेला कर्ज देणारं वित्त महामंडळ टिकलं, कारण दोन्ही कायद्याने स्थापन झाली होती आणि त्यांना बंद करायला सेनेटमध्ये पुरेशी मतं मिळाली नाहीत. म्हणून मसुदा मंजूर होण्याआधी विरोधी पक्षाला सोबत घ्या, त्यांच्या दोन-तीन दुरुस्त्या खरोखर स्वीकारा. ब्रिटनच्या २००८ च्या कायद्याच्या विरोधात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मतं पडली होती, आणि पुढची अनेक वर्षं सरकारं बदलूनही तो जागेवर राहिला.

पहिल्या दोन वर्षांचं वेळापत्रक

पहिले सहा महिने: सचिवालयाचा आदेश, सात-आठ माणसं, माहितीचे करार, आणि कोणत्या खात्याकडे कोणता आकडा आहे याचा तक्ता. दुसरे सहा महिने: पहिली उत्सर्जन नोंद, मसुद्यावर सुनावण्या, अर्थखात्याबरोबर दोन खात्यांपुरता खुणांचा प्रयोग. दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत कायदा आणि परिषदेच्या नेमणुका. वर्षअखेरीस परिषदेचा पहिला अहवाल आणि सरकारचं पहिलं लेखी उत्तर, मग ते कितीही तोकडं असो.

पहिल्या नोंदीत चुका निघतील, हे धरूनच चाला. उत्सर्जन मोजणीच्या पद्धतीतच त्याची सोय आहे: पद्धत सुधारली की फक्त चालू वर्षाचा आकडा बदलून चालत नाही, आधारवर्षापासूनची (ज्या वर्षाशी तुलना करायची त्या वर्षापासूनची) सगळी मालिका नव्याने मोजावी लागते आणि फरक का पडला ते अहवालात लिहावं लागतं. हा दुरुस्तीचा तक्ता पहिल्या वर्षापासूनच अहवालाच्या सुरुवातीच्या पानांत घ्या, जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी शेजारी, आणि त्याखाली तो मोजणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम.